नव्या रस्त्यावरचं पहिलं मरण

आम्ही राहायला आलो तेव्हा रस्ता तयार होता, पण त्याच्या नावाची पाटी लागायची होती. काळंकुळकुळीत डांबर, कडेने पांढराशुभ्र फुटपाथ, आणि फुटपाथवर चिटपाखरू नाही. दोन्ही बाजूंना घरांचे लाकडी सांगाडे उभे होते. कुठे नुसतं जोतं घातलेलं, कुठे तेही नाही, फक्त खुंट्या आणि पिवळट चिखल. मनुरेवा हे उपनगर मागे टाकून दक्षिणेकडे गेलं की पूर्वी सगळी शेतीच होती. कांदे, बटाटे, गाई. त्यातलंच एक शेत प्लॉट पाडून विकायला निघालं आणि एक तुकडा आम्ही घेतला.

त्याआधी आम्ही पापाटोएटो या आपल्या लोकांनी भरलेल्या उपनगरात भाड्याने राहायचो. तिथे घराबाहेर पडलं की कढीपत्ता मिळायचा, ओळखीचं कोणीतरी भेटायचं, स्टेशन हाकेच्या अंतरावर. मी पुण्याहून हॉटेल मॅनेजमेंट शिकायला या देशात आले आणि फिरत फिरत शेवटी शहरातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर टिकले. नवरा ठाण्याचा, सॉफ्टवेअरमधला. स्वतःचं घर म्हटल्यावर आम्ही फारसा विचार न करता इकडे आलो, तेही ऐन जुलैत. इथला जुलै म्हणजे थंडी, वारा आणि आडवा पाऊस. अडवायला झाड नाही की भिंत नाही, त्यामुळे वारा समुद्रावरून निघायचा तो थेट आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर येऊन आदळायचा. दूध संपलं तर जवळची डेअरी, म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान, गाडीने दहा मिनिटांवर. पहिल्या आठवड्यात मी नवऱ्याला म्हटलं, "आपण कुठे येऊन पडलो रे?"

तो म्हणाला, "भरेल हळूहळू."

सामान उतरवत होतो तेव्हा चिखल तुडवत एक म्हातारे गृहस्थ आले. त्या थंडीत हाफ पँट, गुडघ्यापर्यंत गमबूट, डोक्यावर लोकरीची टोपी.

"आलात एकदाचे!" ते म्हणाले. "आम्ही केव्हापासून वाट बघतोय. ट्रकमधून लहान मुलीची सायकल उतरली तशी बायको म्हणाली, हे कामगार नव्हेत, हे राहायला आलेत. जा बघून ये."

रस्त्यावरचं पहिलं घर त्यांचं. सगळे सांगाडे उभे असताना ते दोघंच नवराबायको तिथे राहत होते, आमच्या अगदी लगत. मूळचे वायकाटोकडचे, गाई पाळून दूध घालणारे. गुडघे गेले तसं शेत विकलं. एकुलता एक मुलगा पर्थला. विमानतळ आणि हॉस्पिटल जवळ असावं म्हणून इकडे घर घेतलं. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला तसं हाक मारायला माझी जीभ वळेना. माझ्या मुलीने तो प्रश्न सोडवला. तिने चार दिवसांत त्यांना पॉप म्हणायला सुरुवात केली आणि त्यांच्या बायकोला नॅन. इथली मुलं आजीआजोबांना तसंच म्हणतात. मग आम्हीही तेच धरलं.

पॉपना सतत बोलायला हवं असायचं. मागच्या अंगणात कपड्यांची दोरी बांधून दिली ती बोलत बोलत, टपालाची पेटी पुरून दिली तीही बोलत बोलत. नॅन अगदी उलट. बारीक चणीच्या, शब्दकोडं सोडवत बसणाऱ्या. त्या सिल्वरबीटची जुडी आणून द्यायच्या, ती पालकासारखी पालेभाजी, आणि काही न बोलता ओट्यावर ठेवून जायच्या. मी एकदा त्याची डाळ घालून पातळ भाजी करून दिली. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत आला आणि आत नव्या जुडीबरोबर चिठ्ठी, "हेच पुन्हा चालेल."

नवरा म्हणाला होता तसं हळूहळू भरत गेलं. समोर एक पंजाबी ट्रक ड्रायव्हर आणि त्याची बायको आली. पलीकडच्या मोठ्या घरात मनुरेवाहून एक टोंगन, म्हणजे पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचं, कुटुंब आलं. आईबाप, मुलं, भाचे, एक वृद्ध आत्या. त्यातली आई एका वृद्धाश्रमात केअरगिव्हर, बहुतेक रात्रपाळीला. मग चिनी, फिलिपिनो, आणखी दोन-तीन घरं. सुरुवातीला गंमत होती. कोणाच्याच घराला कुंपण नव्हतं. मी भांडी घासताना समोर सगळा पसारा दिसायचा. कोण कपडे वाळत घालतंय, कोणाचा ट्रॅम्पोलिन आला, कोणाकडे पाहुणे आलेत. लांबूनच हात व्हायचे. "किया ओरा!" असा माओरी नमस्कार ट्रकवाला पगडी सावरत ओरडायचा आणि पॉप त्याला "सत श्री अकाल" असं काहीतरी वेडंवाकडं उलट ओरडायचे.

उन्हाळ्यात कुंपणं आली. ती घालणं घर घेतानाच्या करारातच होतं. माणसाहून उंच लाकडी फळ्या. महिन्याभरात सगळ्यांची अंगणं झाकली गेली आणि माणसं दिसेनाशी झाली. आता गाडी थेट गॅरेजमध्ये, दार खाली, संपलं. आमच्या दोघांच्या मधलं कुंपण घालायला माणसं आली तेव्हा पॉप त्यांच्याशेजारी उभे राहिले आणि एका जागी फळ्या लावू दिल्या नाहीत. नंतर तिथे त्यांनी स्वतः एक छोटं फाटक बसवलं.

"जन्मभर कुंपणंच घातली," ते नवऱ्याला म्हणाले. "पण ती गाईंसाठी. माणसांसाठी घालावी लागतील असं वाटलं नव्हतं."

बाकीच्यांना पॉप माहीत होते ते एवढेच, की एक म्हातारा सगळ्यांच्या घरासमोरचं गवत कापतो. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्टीला इथे बर्म म्हणतात. ती ज्याची त्याने कापायची. पॉप आपली कापून झाली की आमची कापायचे, मग पुढची, असं करत रस्त्याच्या टोकापर्यंत. कोणी आभार मानायला बाहेर आलं तर म्हणायचे, "मशीन चालूच होतं." बहुतेक लोक बाहेर येतच नव्हते. कामावर तरी असायचे, नाहीतर कुंपणाच्या आत.

पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. शनिवार सकाळ, ऊन पडलेलं, गवत नुसतं माजलेलं. मी मागे चादरी वाळत घालत होते. गवत कापायच्या मशीनचा आवाज लांब लांब जात होता तो थांबला. मला वाटलं पेट्रोल संपलं असेल. मी पुढची चादर झटकली. तेवढ्यात गाडीचे ब्रेक करकचून लागल्याचा आवाज आला आणि टोंगन बाईंची हाक आली, कोणाला उद्देशून नाही, नुसती मोठ्याने हाक.

मी घरातून पुढच्या दाराने धावत बाहेर गेले. त्या रात्रपाळी करून परतत होत्या. गाडी रस्त्याच्या मधोमध, दार सताड उघडं. पॉप गवतावर उताणे पडले होते आणि त्या गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्यांची छाती दाबत होत्या.

"फोन कर," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "आणि कोणाला तरी मोठ्या रस्त्यावर पाठव."

फोनवरच्या बाईने पत्ता विचारला. मी सांगितला. तिला तो सापडेना. रस्ता नवा होता, पाटी लागून थोडेच महिने झालेले. मी स्पेलिंग सांगितलं, पुन्हा सांगितलं, जवळच्या शाळेचं नाव सांगितलं. माझा आवाज चढत चालला होता. ती मात्र शांतपणे म्हणाली, "मी इथेच आहे, गाडी निघाली आहे, मला मोठ्या रस्त्यापासूनची वळणं सांग." नवरा जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून पळत सुटला. एक जँडल वाटेतच राहिली. कोपऱ्यावर उभा राहून तो दोन्ही हात हलवत होता, आणि त्याच्या पुढच्या वळणावर ट्रकवाला.

मी नॅनना आणायला वळले तर त्या आलेल्याच होत्या, पीठ लागलेल्या हातांनी. कुठल्यातरी शेजाऱ्याने त्यांना धरलं. त्या पॉपच्या पायांशी बसल्या आणि सावकाश, एकेक करून त्यांचे गमबूट काढायला लागल्या. टोंगन बाई दाबत राहिल्या. घामाने त्यांचे केस चेहऱ्याला चिकटले होते. त्या थकल्या तशी त्यांच्या भाच्याने जागा घेतली, मग परत त्या. अँब्युलन्स आली, त्या माणसांनी बरंच काही केलं, आणि मग त्यांच्यातली एक मुलगी नॅनच्या शेजारी खाली बसली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला. तेव्हा आम्हाला कळलं.

मी वर बघितलं. रस्त्यावरच्या झाडून सगळ्या घरांतली माणसं बाहेर होती. काहींना मी पहिल्यांदाच बघत होते. एक बाई डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या तशाच उभ्या होत्या. कोणीच घरात परत जात नव्हतं.

दुपारी नॅन आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. पॉपना नेलं होतं. मुलगा पर्थहून निघाला होता. मी चहा केला, तो त्यांनी पुढ्यात ठेवून घेतला.

"आता वायकाटोला करावं लागेल सगळं," त्या म्हणाल्या. "इथे फ्युनरल करायचं तर येणार कोण? आम्हाला कोण ओळखतं? पण तो म्हणाला होता, मी आता परत जायचा नाही. इथेच."

तेवढ्यात टोंगन बाई आल्या. अंघोळ करून, काळे कपडे घालून, डोळे झोपेने लाल. त्यांच्याबरोबर आत्या, कमरेला विणलेली चटई गुंडाळलेली. दुखवट्याला त्यांच्यात तशी नेसतात. आत्या नॅनच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून राहिल्या.

टोंगन बाई म्हणाल्या, "त्यांना तिथे एकटं ठेवू नका. घरी आणा."

"असं आणता येतं?" नॅननी विचारलं.

"येतं ना. आमच्यात तर आणतातच. माओरी लोकांतही. आम्ही बसू त्यांच्याजवळ. कोणी ना कोणी सतत असेल."

नॅननी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "त्याला गप्पा मारायला माणसं लागतात." आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांना रडू फुटलं.

मला मात्र धडकी भरली होती. मी ज्या घरात वाढले तिथे माणूस गेलं की काही तासांत न्यायची घाई. मुलांना शेजारी पाठवतात, आल्यावर अंघोळ, सगळं घर पाण्याने धुऊन काढतात. इथे काही फुटांवर, छोट्या फाटकाच्या पलीकडे, पॉप अंत्यसंस्कार होईपर्यंत राहणार होते. मी पुण्याला आईला फोन लावला.

"घरात ठेवणार? इतके दिवस?" ती म्हणाली.

"हो. थंड राहायची सोय करतात ते लोक."

"आणि पोरगी?"

"ती जायचं म्हणतेय त्यांना बघायला."

बाबा गेले तेव्हा मी इथेच होते. तिकिटाची धावपळ करून पोचेपर्यंत सगळं झालेलं होतं. आम्ही दोघी बहुधा तेच आठवत होतो.

मग ती म्हणाली, "त्या बाईंच्या घरी चूल पेटली नसेल ना? पिठलं-भात नेऊन दे. शेजाऱ्यांनीच द्यायचं असतं. तिखट बेताचं घाल, त्यांना सोसायचं नाही."

इतकं सोपं होतं ते. शेजाऱ्यांनीच द्यायचं असतं. रात्री मी मिरची न घालता, नुसत्या आलं-लसणावर पिठलं केलं, मऊ भात लावला, वर तूप घातलं आणि फाटकातून पलीकडे गेले. नॅननी वाटीभर खाल्लं. मुलगा पर्थहून नुकताच पोचला होता, त्याने भांडं पुसून खाल्लं. काय आहे हे त्याने विचारलंही नाही.

सोमवारी पॉपना घरी आणलं. बैठकीच्या खोलीत, खिडकीशी, उघड्या पेटीत. खाली टोंगन घरातून आणलेल्या चटया अंथरलेल्या. त्यांना लोकरीचा स्वेटर घातला होता आणि केस नीट विंचरले होते. तसे ते एरवी कधीच नसायचे. मी दारातच थबकले. माझी मुलगी मात्र माझा हात सोडून गेली आणि आत्यांच्या शेजारी चटईवर मांडी घालून बसली. थोड्या वेळाने ती त्यांना शाळेतलं काहीतरी सांगायला लागली, अगदी नेहमीच्या आवाजात. टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घरी विसरली म्हणून पोहायला मिळालं नाही, असलंच काहीतरी. आत्या मान हलवत ऐकत होत्या. मग मीही जाऊन बसले. पाच-दहा मिनिटं बसायचं म्हणून बसले ती संध्याकाळपर्यंत उठले नाही.

माणसं येत राहिली. चिनी जोडपं फुलं घेऊन आलं आणि दाराशी अवघडून उभं राहिलं, तसं टोंगन बाईंनी त्यांना हाताला धरून आत आणलं. ट्रकवाला गुरुद्वारातून खुर्च्या घेऊन आला. त्याच्या बायकोने मोठं पातेलं भरून चहा केला, आपल्याकडचा, आलं घालून. गॅरेजमध्ये खुर्च्या मांडल्या. संध्याकाळी टोंगन लोकांचं गाणं सुरू झालं. तीन-चार सुरांत एकदम, वाद्य नाही, काही नाही. शब्द मला कळत नव्हते. नवरा ऑफिसमधून आला तो लॅपटॉपची बॅग खांद्याला तशीच अडकवून भिंतीला टेकून उभा राहिला.

पर्थचा मुलगा माझ्याजवळ आला. उंच, बापासारखाच, फक्त बोलका नाही.

"डॅडला इतके लोक ओळखत होते?" त्याने विचारलं. "आई तर म्हणायची इथे कोणीच नाही."

मी खरं तेच सांगितलं. "ओळखत नव्हते. गवत कापणारे म्हणून माहीत होते. आम्हीसुद्धा एकमेकांना आत्ताच ओळखायला लागलोय."

तो काहीतरी बोलणार होता, पण कोणीतरी त्याच्या हातात चहाचा कप दिला.

फ्युनरल गॅरेजमध्येच झालं. वायकाटोहून पॉपचे जुने शेजारी आले, शेतकरी माणसं, मोठमोठे पंजे. त्यांनी गाईंच्या आणि पुरात वाहून गेलेल्या एका ट्रॅक्टरच्या गोष्टी सांगितल्या आणि सगळे हसले. नॅनसुद्धा. दफनभूमीत पेटी खाली सोडल्यावर आम्ही मूठ मूठ माती टाकली. मला वाटलं झालं, आता निघायचं. पण टोंगन पुरुषांनी कोट काढले, फावडी उचलली आणि खड्डा भरायला घेतला. ट्रकवाला पुढे झाला. मग पर्थचा मुलगा. मग माझ्या नवऱ्याने कोट काढून माझ्या हातात दिला. कीबोर्डखेरीज काही न उचलणारा माणूस, चार फावड्यांत धापा टाकायला लागला, पण त्याने फावडं सोडलं नाही. माती पुरती वर येऊन सारखी होईपर्यंत कोणी हललं नाही.

मुलाने नॅनना पर्थला नेलं. आता त्या तिथेच राहतील, घर विकतील, असं आम्ही धरून चाललो होतो. मला त्याचं फार वाईट वाटत होतं, आणि ते कोणाला सांगायची सोयही नव्हती, कारण मुलाकडे जाणं योग्यच होतं. पण उन्हाळा सरता सरता एका दुपारी फाटक वाजलं. नॅन सूटकेससकट उभ्या.

"तिथे फार ऊन," त्या म्हणाल्या. "आणि सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. तुझ्याकडे ते पिवळं आहे का? भाताबरोबरचं?"

मी म्हटलं, "अहो, ते दुःखाच्या घरी देतात. आता काही चांगलं करते की."

"मला तेच हवंय."

तेव्हापासून आमच्याकडे पिठलं केलं की एक वाटी फाटकातून पलीकडे जाते. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती आधी "अगं बाई" म्हणाली आणि मग खूप हसली.

टोंगन आत्या रोज सकाळी नॅनकडे येऊन बसतात. दोघींचं बोलणं कशात चालतं मला माहीत नाही. आत्यांना इंग्रजी बेताचं, नॅनना बोलण्याची हौस बेताची. एक शब्दकोडं सोडवते, दुसरी विणते. रस्त्यावरची माणसं आता संध्याकाळी बाहेर दिसतात, सगळी नाही, पण दिसतात. बससाठी अर्ज करायचा म्हणून ट्रकवाल्याच्या गॅरेजमध्ये बैठक झाली, तिथे अर्जापेक्षा भजीच जास्त झाली. बस अजून आलेली नाही.

एप्रिलमध्ये पॉपच्या कबरीवर दगड बसवला म्हणून नॅननी आम्हाला दफनभूमीत नेलं. नेलं म्हणजे गाडी नवरा चालवत होता आणि त्या शेजारी बसून सांगत होत्या, "हळू. डावीकडून. हळू रे." दगड साधाच होता. नाव, आणि खाली एक गाय कोरलेली. मुलगी गुडघ्यांवर बसून त्या गाईवरून बोट फिरवत होती.

"आई, आबा कुठे आहेत?" तिने विचारलं. आबा म्हणजे माझे बाबा. तिने त्यांना फक्त फोनवर बघितलेलं.

"त्यांच्या अस्थी आळंदीला नदीत सोडल्या," मी मराठीत सांगितलं.

"सो वी कान्ट व्हिजिट हिम?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. नॅन सँडविचचा डबा उघडत होत्या. त्यांना मराठी कळत नाही, पण मुलीचा प्रश्न कळला होता. मी त्यांना थोडक्यात सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मग इथे येत जा. त्याची काही हरकत नसती. त्याला कोणीही चालायचं."

आम्ही गवतावर बसलो. सँडविच अंड्याची होती, मीठ जरा जास्त झालेलं. मी बाबांबद्दल थोडं बोलले, ते पेन्शन घ्यायला बँकेत जाताना इस्त्रीचा शर्ट घालायचे ते, आणि मुलीला पहिल्यांदा फोनवर बघून त्यांना काय बोलावं सुचेना म्हणून त्यांनी तिला पाढे म्हणून दाखवले ते. नॅननी सगळं ऐकून घेतलं. मग वारा सुटला तशी त्यांनी मुलीच्या डोक्यावर हूड ओढली, डबा बंद केला, आणि आम्ही गाडीकडे निघालो.